ज्वारीचे पान आणि समुद्रातले गवत

जालन्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. त्यामुळे या जिल्ह्यातल्या शाळेत समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या गवताचा विषय निघण्याचे तसे काही कारण नाही. पण १९७६ साली अमेरिकेतल्या ‘प्लँट फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात बेनेडिक्ट आणि स्कॉट या दोन संशोधकांचा एक निबंध छापून आला. त्यात थॅलेसिया नावाच्या सागरी गवताची तुलना केली होती ती नेमकी ज्वारीच्या पानाशी. दोघांतल्या कार्बनचे माप इतके जवळ आले, की हे गवत समुद्रात राहूनही ज्वारीच्याच पद्धतीने अन्न तयार करते असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष चुकला होता आणि चार वर्षांत तो बदलावा लागला. ही चूक कशी झाली, कशी सुधारली गेली, आणि तिच्यातून मिळालेली समज मंठ्याच्या पलीकडे लोणारच्या तळ्यातला गाळ वाचताना का लागते, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

शाळेत समस्थानिके म्हटली की कार्बन-१४ आठवतो. तो किरणोत्सारी आहे, जुन्या वस्तूंचे वय सांगतो, आणि प्रश्नपत्रिकेतही तोच येतो. कार्बन-१३ बिचारा एका ओळीत आटोपतो. तो विघटन पावत नाही, नुसता असतो. निसर्गातल्या दर शंभर कार्बन अणूंत सुमारे ९९ कार्बन-१२ चे आणि जेमतेम एक कार्बन-१३ चा. हे प्रमाण सगळीकडे तंतोतंत सारखे असते तर पुढे सांगण्यासारखे काहीच नव्हते. पण १९३९ साली आल्फ्रेड नीर आणि अर्ल गुलब्रान्सन यांनी मास स्पेक्ट्रोमीटरवर निरनिराळ्या पदार्थांतला कार्बन मोजला, तेव्हा चुनखडकात जड कार्बन किंचित जास्त आणि वनस्पतींत किंचित कमी आढळला.

हे ‘किंचित’ किती, हे आकड्यात पाहू. तुलनेसाठी जी मोजपट्टी ठरली ती एका जीवाश्माची. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिना राज्यात पी डी नावाचा खडकाचा थर आहे, त्यात माखलीच्या दूरच्या नात्यातल्या, केव्हाच नामशेष झालेल्या बेलेम्नाइट या प्राण्याचे चुन्याचे अवशेष मिळतात. (मूळ नमुना वापरून वापरून संपला. आता त्याच्याशी जुळवून घेतलेली दुसरी प्रमाणे वापरतात.) या मोजपट्टीत दर दहा लाख हलक्या अणूंमागे सुमारे ११,२०० जड अणू असतात. तुरीच्या पानात ते साधारण ३०० ने कमी भरतात, म्हणजे हजारी २७ ने कमी. हेच ‘उणे २७’ असे लिहितात आणि त्याला डेल्टा मूल्य म्हणतात. ज्वारीच्या पानाचे डेल्टा मूल्य उणे १३ च्या आसपास येते. उणे आकडा जितका लहान तितका कार्बन जड, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे आहे.

दोन जातींचे कारखाने

तूर, कापूस, गहू, हरभरा, मोसंबी एका बाजूला आणि ज्वारी, बाजरी, मका, ऊस दुसऱ्या बाजूला, ही विभागणी जालन्याच्या शेतकऱ्याला नवी वाटणार नाही. दुसऱ्या गटातली पिके कडक उन्हात जोमाने वाढतात आणि पाणी जपून वापरतात, हे तो पाहतच आला आहे. शास्त्रज्ञांना मात्र ही विभागणी आडवाटेने सापडली. १९५२-५३ च्या सुमारास स्वीडनचे फ्रान्स विकमन आणि अमेरिकेचे हार्मन क्रेग यांनी अनेक वनस्पतींतला कार्बन मोजला. काही गवते इतरांपेक्षा जड येत होती, पण का ते उमगत नव्हते. पुढे कार्बन-१४ च्या प्रयोगशाळांत आणखी एक विसंगती दिसू लागली. उत्खननात मिळालेला मका त्याच थरातल्या लाकडापेक्षा सुमारे दोनशे वर्षे ‘तरुण’ निघे. विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मार्गारेट बेंडर यांनी १९६८ साली मका आणि इतर गवतांचा कार्बन-१३ मोजून या कोड्याची उकल केली. मक्यात जड कार्बन मुळातच जास्त असतो. कार्बन-१३ जास्त म्हणजे कार्बन-१४ ही जास्त, आणि म्हणून वय कमी भासते.

याच काळात उसावर वेगळेच काम चालू होते. हवाईमध्ये कॉर्टशॅक व त्यांचे सहकारी (१९६५) आणि ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक (१९६६) यांना दिसले, की उसाच्या पानात कार्बन डायऑक्साइड शिरल्यावर पहिल्यांदा चार कार्बनची आम्ले तयार होतात. गहू-तुरीत पहिला पदार्थ तीन कार्बनचा असतो. त्यावरून सी-३ आणि सी-४ ही नावे पडली. १९७१ साली ब्रूस स्मिथ आणि सॅम्युअल एपस्टाइन यांनी दोन्ही धागे जोडले. उच्च वनस्पतींचे कार्बनच्या मापावरून दोन गट पडतात, आणि ते ढोबळमानाने सी-३ आणि सी-४ यांचेच गट आहेत.

कारण असे. कार्बन डायऑक्साइडला साखरेच्या वाटेवर नेणारे रुबिस्को हे विकर निवडखोर आहे, ते हलका कार्बन पसंत करते. सी-३ पानात हवा मोकळी आत-बाहेर करते, त्यामुळे रुबिस्कोला निवड करायला वाव मिळतो आणि नाकारलेला जड कार्बन बाहेर निघून जातो. ज्वारीच्या पानात मात्र रुबिस्को शिरांभोवतीच्या पेशींत जणू दार लावून बसवलेले असते. दुसरे एक विकर बाहेरून कार्बन पकडून चार कार्बनच्या आम्लाच्या रूपाने आत आणून टाकते. एकदा आत आलेला कार्बन सहजासहजी बाहेर पडत नाही. रुबिस्कोचा स्वभाव तोच, पण निवडीची सोय उरत नाही. जे आले ते वापरावे लागते, म्हणून ज्वारी जड.

हे पाहायला मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही. ज्वारीच्या कोवळ्या पानाचा आडवा पातळ छेद नव्या पात्याने घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या मोठ्या पेशींचे कडे दिसते. शेजारी तुरीच्या पानाचा छेद ठेवावा, त्यात असे कडे नसते. पहिला छेद नीट येत नाही. दहा-बारा घेतल्यावर एखादा साधतो.

बेनेडिक्ट यांची चूक

आता समुद्राकडे वळू. सागरी गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, जमिनीखाली खोड असते, आणि ते पाण्याखालीच फुलते. खऱ्या गवतांच्या कुळातलेही ते नाही, केवळ पाने गवतासारखी लांब म्हणून नाव पडले. जगात त्याच्या साठ-सत्तर जाती आहेत. भारतात त्याची मोठी कुरणे पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि मन्नारच्या आखातात आहेत. ड्युगाँग ही समुद्रगाय त्यावरच जगते. तिच्यासाठी तामिळनाडू सरकारने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात राखीव क्षेत्र जाहीर केले.

या गवतांचे डेल्टा मूल्य बहुधा उणे १० ते उणे ११ च्या आसपास येते, म्हणजे ज्वारीपेक्षाही थोडे जड. बेनेडिक्ट आणि स्कॉट यांना थॅलेसियाचे मूल्य उणे ९ मिळाले. त्यांनी पानांतले मॅलिक आम्ल आणि ग्लुकोज वेगळे काढून त्यांचेही कार्बन मोजले. ते आकडे ज्वारीच्या पानातल्या त्याच पदार्थांशी जुळत होते. १९७६ साली उपलब्ध असलेल्या ज्ञानानुसार हा तर्क वाकडा नव्हता. जमिनीवर जड कार्बन म्हणजे सी-४ हा नियम नुकताच प्रस्थापित झाला होता, आणि तो समुद्रालाही लागू पडेल असे मानले गेले. गफलत त्या मानण्यात होती.

१९७९ साली अँड्र्यूज आणि एबल यांनी वेगळी वाट धरली. माप घेऊन पद्धतीचा अंदाज करण्याऐवजी त्यांनी सागरी गवतांना कार्बन-१४ असलेले खाद्य थोडा वेळ दिले आणि पहिला पदार्थ कोणता तयार होतो ते पाहिले. तो तीन कार्बनचा निघाला. सागरी गवते कारखान्याच्या बाबतीत तुरीच्या बाजूची होती. बेनेडिक्ट यांच्या गटानेही १९८० च्या निबंधात सी-३ मार्गच धरून जड कार्बनाचे दुसरे स्पष्टीकरण मांडले. आपल्याच निष्कर्षावर चार वर्षांत अशी फुली मारणारे संशोधक फार नाहीत. या हकिकतीतला हा भाग आम्हाला विशेष आवडतो.

मग सागरी गवत जड का? याची दोन कारणे आहेत. पहिले, पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा निराळा असतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला सुटा कार्बन डायऑक्साइड एकूण अकार्बनी कार्बनच्या शेकडा एकाहूनही कमी असतो. बहुतेक सगळा साठा बायकार्बोनेटचा, आणि त्याचे डेल्टा मूल्य शून्याच्या जवळ. जी वनस्पती बायकार्बोनेट वापरते तिचा कच्चा मालच जड असतो. दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. पाण्यात वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला चिकटून पाण्याचा एक स्थिर थर असतो, आणि त्यातून कार्बन अगदी मंद गतीने आत येतो.

दुष्काळातल्या टँकरची आठवण येथे कामी येईल. विहीर भरलेली असते तेव्हा आपण वरचे गढूळ पाणी बाजूला सारून स्वच्छ तेवढे घागरीत घेतो. गावात आठवड्यातून एकदा टँकर येतो, तेव्हा घागर पुढे करायची आणि पडेल ते घ्यायचे. पाण्याखालच्या पानातल्या रुबिस्कोची स्थिती टँकरवरच्या गावासारखी असते. हलका कार्बन निवडण्याची ऐपत राहत नाही, आत आलेला जवळपास सगळा खर्च करावा लागतो. ज्वारीत रुबिस्को आतून कोंडलेले, सागरी गवतात पाण्याच्या थराने बाहेरून कोंडलेले. परिणाम एकच, म्हणून आकडा एकच.

याचा पडताळा कूपर आणि डीनिरो यांनी १९८९ साली भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया या गवतावर घेतला. खोल पाण्यात उजेड कमी, प्रकाशसंश्लेषण मंद, त्यामुळे कार्बनची मागणीही कमी. तेथे गवताला निवडीची सवड मिळते, आणि मूल्ये खरोखरच हलक्या बाजूला सरकलेली आढळली. जात एकच, समुद्र एकच, फरक फक्त उजेडाचा.

वर्गात हायड्रिला घेऊन याची अर्धी बाजू दाखवता येते. उकळून गार केलेल्या पाण्यात फांदी उन्हात ठेवली तर बुडबुडे जवळजवळ येत नाहीत. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की येऊ लागतात. वनस्पतीने बायकार्बोनेटच वापरले असे यावरून सिद्ध होत नाही, कारण सोड्याच्या द्रावणात थोडा सुटा कार्बन डायऑक्साइडही असतो. एखादा चलाख विद्यार्थी ही शंका काढेल. ती काढू द्यावी.

कुणाच्या अंगी काय लागले

कारण काहीही असो, सागरी गवताचा कार्बन जड आणि समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा हलका, हा फरक तर खरा होता. पॅट्रिक पार्कर यांनी १९६४ सालीच टेक्ससच्या एका उथळ उपसागरातल्या जीवांचा कार्बन मोजायला सुरुवात केली होती. १९७८ साली डीनिरो आणि एपस्टाइन यांनी प्राण्यांना ठरावीक खाद्य देऊन दाखवले, की प्राण्याच्या शरीरातला कार्बन खाद्याच्या कार्बनसारखाच असतो, फार तर हजारी एकाने जड. शब्दशः, जे खावे तेच अंगी लागते. केवळ कडब्यावर पोसलेली म्हैस आणि बाभूळ-बोरीचा पाला ओरबाडणारी शेळी यांच्या दुधातही हा फरक मिळायला हवा.

त्यानंतर वर्षभरातच, १९७९ साली, फ्राय आणि पार्कर यांनी टेक्ससच्या सागरी कुरणांतल्या प्राण्यांचा कार्बन खुल्या समुद्रातल्या प्राण्यांपेक्षा जड असल्याचे दाखवले. म्हणजे तळावरच्या वनस्पतींचा माल अन्नसाखळीत खरोखर पोहोचत होता. पोट फाडून पाहिले तर प्राण्याने काल काय गिळले ते कळते. कार्बनवरून गेले काही महिने त्याने काय पचवले ते कळते. पण गवताच्या पानांवर वाढणाऱ्या शेवाळाचे मूल्य मधलेच असते, आणि गवताचे स्वतःचे मूल्य उजेडाप्रमाणे बदलते. १९९६ साली हेमिंगा आणि माटेओ यांनी तोवरच्या मापांचा आढावा घेतला, तो या बदलत्या मूल्यांवर आणि त्यामुळे अर्थ लावताना घ्यायच्या काळजीवर भर देणारा होता.

टँकरचा दाखला कोरडवाहू शेतालाही लागू पडतो. पाण्याचा ताण पडला की सी-३ पिके पर्णरंध्रे मिटून घेतात. आत येणारा कार्बन डायऑक्साइड तुटपुंजा होतो, रुबिस्कोची निवड संपते, आणि पानातला कार्बन थोडा जड होतो. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम फारकर यांनी १९८२ साली सहकाऱ्यांसह याचे गणित बसवले. त्याचा उपयोग करून कमी पाण्यात जास्त वाढणारे वाण निवडता येतील ही कल्पना गव्हावर आणि भुईमुगावर वापरली गेली. भुईमुगाच्या कामात हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेचाही सहभाग होता. जालन्यासारख्या, बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाला या कामात गोडी वाटावी. २०१२-१३ च्या दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पर्णरंध्रे मिटण्याचा अर्थ वेगळा समजावायला नको.

लोणारचा गाळ

मंठ्याहून उत्तरेला जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार लागते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, आणि तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. आजूबाजूच्या उतारांवरून पावसाबरोबर पालापाचोळा तळ्यात येतो, तळ्यात शेवाळही वाढते, आणि दोन्ही वर्षानुवर्षे तळाशी थरांनी बसतात. मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरच्या पावसाची ही एक वहीच म्हणायची. जर्मन आणि भारतीय संशोधकांनी २००८ साली या तळ्यातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात गेल्या सुमारे ११,००० वर्षांची नोंद होती.

प्रथमदर्शनी वाचन सोपे वाटते. पाऊस चांगला असेल तर उतारांवर झाडी जास्त, म्हणजे सी-३, म्हणजे हलका कार्बन. पाऊस कमी झाला की कुसळीसारखी सी-४ गवते पसरतात, कार्बन जड होतो. म्हणून गाळात जड कार्बन दिसला की ‘दुष्काळ’ असे समासात लिहून मोकळे व्हावे. पण हा तर्क १९७६ सालच्या तर्काचाच भाऊ आहे. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो, आणि अशा पाण्यात सुटा कार्बन डायऑक्साइड नगण्य, जवळपास सगळा बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. तेथे वाढणाऱ्या शेवाळाची गत सागरी गवतासारखीच, किंबहुना जास्त बिकट. त्याचा कार्बन काठावर एकही गवताचे पाते नसले तरी जड येऊ शकतो. चांगल्या पावसाच्या वर्षांत तळ्यात शेवाळ माजले आणि त्याचा जड कार्बन गाळात बसला, तर सुकाळाची नोंद दुष्काळ म्हणून वाचली जाईल.

म्हणून एकाच साक्षीदारावर भिस्त ठेवता येत नाही. लोणारच्या गटाने गाळातले गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक शोधले. तळ्याचे पाणी आटून दाट झाले की हे खनिज तयार होते, त्यामुळे ते आटण्याचा थेट पुरावा आहे. सास्वती सरकार आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या निबंधात आणखी एक वाट वापरली. जमिनीवरच्या वनस्पतींच्या पानांवर मेणाचा लेप असतो, त्यातले लांब साखळीचे रेणू शेवाळ सहसा बनवत नाही. ते गाळातून वेगळे काढून त्यांचाच कार्बन मोजला की शेवाळाची भेसळ टळते. या मेणात आरंभीच्या पावसाळी काळात झाडीचा प्रभाव दिसतो, आणि पुढे मान्सून क्षीण झाल्यावर गवतांचा वाटा वाढलेला दिसतो.

सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या निबंधानुसार लोणारच्या गाळात दोन प्रदीर्घ अवर्षणे दिसतात. पहिले सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचे, दुसरे सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. ही वर्षे १९५० पासून मागे मोजतात, तेव्हा दुसरा काळ साधारण इसवी सनाच्या आरंभाआधीपासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येतो. इतिहास शिकवणारे शिक्षक येथे थबकतील. याच काळात पैठणला सातवाहन होते, वेरूळची लेणी कोरली गेली, देवगिरीला यादव राज्य करीत होते. प्रदीर्घ अवर्षण म्हणजे चौदाशे वर्षे पाऊसच पडला नाही असे नव्हे, तर सरासरी पाऊस आधीच्या काळापेक्षा कमी आणि तळे अधूनमधून फार आटलेले. त्या कोरड्या शतकांत या भागातली माणसे काय पिकवत आणि काय खात होती, हे गाळ सांगत नाही. ते शोधायचे तर जुन्या वस्त्यांतली हाडे पाहावी लागतील. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या माणसाच्या हाडात जड कार्बन असेल, गहू-डाळीवर वाढलेल्याच्या हाडात हलका. आणि कडबा खाणाऱ्या जनावराचे दूधही कार्बनच्या दृष्टीने ज्वारीच असते, तेव्हा नुसत्या भाकरीचा हिशेब तेथेही पुरणार नाही.